ढोलवाल्याच्या अंगात येत नाही

ट्रान्स पार्टीत सगळ्यांत कंटाळवाणं काम साउंडवाल्याचं. समोर शेकडो माणसं डोळे मिटून नाचत असतात आणि आम्ही ॲम्प्लिफायरच्या मागे उभं राहून लाल दिवा लागत नाही ना, जनरेटरचं डिझेल उजाडेपर्यंत पुरेल ना, हे बघत असतो. माझं घर पेडणे तालुक्यात, धंदा म्हापशात. दशावतारी नाटकं, जत्रा, लग्नं, प्रचारसभा आणि हणजूण-वागातोरच्या पार्ट्या, सगळीकडे माझे स्पीकर गेलेत. या ट्रान्समध्ये माणसाला नेमकं होतं काय, असं कोणी विचारलं की मी सुरुवात बेसपासून करतो. ध्यान, चक्र वगैरे नंतर.

गोवा ट्रान्सचा कणा म्हणजे किक. मिनिटाला साधारण 140 ते 150 ठोके, एकसारखे, रात्रभर. हृदय त्या ठोक्याला जाऊन जुळतं असं नाचणारे छातीवर हात ठेवून सांगतात. तसं काही नसतं. हृदय पळतं ते नाचायच्या मेहनतीने. पण बेस अंगात शिरतो हे मात्र खरं. 60 हर्ट्झच्या लाटेची लांबी जवळजवळ पावणेसहा मीटर असते. ती कानाला जेवढी कळते, तेवढीच छातीला आणि पोटालाही. शिवाय आतल्या कानात ऐकण्याच्या शंखाला लागूनच तोल सांभाळणारे अवयव आहेत. नील टॉड आणि फ्रेडरिक कोडी या दोघांनी 2000 साली दाखवलं, की साधारण 90 डेसिबलच्या वरचा दणदणीत ठेका या तोलाच्या अवयवांनाही हलवतो. पाळण्यात बसल्यावर पोटात जो सुखाचा झोका जातो, तसलंच काहीतरी उभ्या जागी मिळतं. गिऱ्हाईक 'आवाज वाढव' म्हणून का मागे लागतं, ते मला हे वाचल्यावर उमगलं.

त्याहून गमतीचा प्रयोग कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठाचा, 2022 साली छापून आलेला. ऑर्फिक्स या इलेक्ट्रॉनिक संगीत करणाऱ्या जोडीचा कार्यक्रम सुरू असताना 8 ते 37 हर्ट्झचे खास स्पीकर दर अडीच मिनिटांनी चालू-बंद केले. लोकांच्या डोक्याला हालचाल मोजणाऱ्या पट्ट्या होत्या. स्पीकर चालू असताना हालचाल सुमारे 12 टक्क्यांनी वाढली, आणि फरक कोणाच्याच लक्षात आला नव्हता. शरीर नाचलं, मनाला पत्ता नाही. आमच्या धंद्यात बेसबिनचं, म्हणजे बेसच्या मोठ्या स्पीकरपेटीचं, भाडं जास्त का, हे पटवायला याहून चांगला पुरावा कुठला?

मनाचं काम वेगळं चालतं. ट्रान्समध्ये मध्येच किक काढून घेतात. नुसते सिंथचे सूर वर वर चढत राहतात, माणसं हात उंचावून थांबतात, आणि मग किक परत कोसळते. 2011 साली मॉन्ट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठातल्या संशोधकांनी लोकांना आपापल्या आवडीचं संगीत आणायला सांगून त्यांच्या मेंदूत डोपामिन कधी आणि कुठे सुटतं ते पाहिलं. अंगावर काटा येतो त्या क्षणी तर ते सुटतंच, पण त्याच्या आधी, वाट बघतानाही सुटतं, मेंदूच्या वेगळ्या भागात. चांगला डीजे म्हणजे वाट बघायला लावणारा माणूस.

डीजे गोवा गिलला ही वाट पुरती ठाऊक होती. मूळचा कॅलिफोर्नियाचा गिल्बर्ट लेव्ही, 1970 च्या आसपास गोव्यात आला, जुना आखाड्याचा साधू झाला, 2023 मध्ये वारला. तो चोवीस-चोवीस तास वाजवायचा. किनाऱ्यावरच्या उन्हात रेकॉर्डी वाकतात, म्हणून इथले डीजे आधी कॅसेटवर आणि मग डॅट टेपवर वाजवत. टेपवर रेकॉर्डीसारखी करामत चालत नाही; लांबलचक तुकडे पूर्ण वाजवायचे, एकामागून एक. या संगीताच्या संथ, लांब वळणामागे तो उन्हाळाही आहे, असं मला वाटतं. रात्री काळोखं, टोचणारं संगीत आणि उजाडताना गोड सुरावट, ही चालही इथलीच. गिल नाचाला ध्यान मानायचा.

मला हे मान्य करायला हरकत नाही, पण आमच्याकडे दसऱ्याला तरंगं, म्हणजे देवांचे सजवलेले खांब, निघतात. ढोल वाजतो आणि तरंग धरणाऱ्याच्या अंगात अवसर, म्हणजे देवाचा संचार, येतो. लोक गाऱ्हाणं घालतात, प्रश्न विचारतात, दोघंतिघं त्याला सावरायला उभे असतात. ढोल सगळ्यांत जवळून कोण ऐकतं? ढोलवाला. त्याच्या अंगात कधी काही येत नाही. तो आमच्यासारखाच, ठेका सांभाळत उभा. नुसत्या ठोक्यांनी मेंदूच्या लहरी बदलून माणूस तंद्रीत जातो, असं अँड्र्यू नेहर यांनी 1960 च्या दशकाच्या सुरुवातीला मांडलं होतं. फ्रेंच अभ्यासक झिल्बेर रुजे यांनी 1980 साली अख्खं पुस्तक लिहून ते खोडून काढलं. त्यांच्या मते संगीत ट्रान्सला आकार देतं, धरून ठेवतं. पण ती येते कोणाला आणि कशासाठी, हे त्या समाजाच्या श्रद्धेवर ठरतं. मी रुजेंच्या बाजूचा. त्यामुळे कोणी डीजे '432 हर्ट्झवर आत्मा उघडतो' म्हणू लागला, की मी केबल गुंडाळायला जातो.

पार्टीत गाऱ्हाणं घालणारं कोणी नसतं. सावरणाऱ्या होत्या त्या चटईवाल्या बायका. नाचाच्या कडेला चटई पसरून, दिवा लावून चहा-ऑम्लेट विकणाऱ्या आमच्याच गावच्या. भिरभिरलेल्या पोराला त्या 'बस रे बाबा' म्हणून बसवायच्या, पाणी द्यायच्या. एमडीएमए घेऊन तासन् तास नाचणाऱ्याच्या अंगाचा ताप जिवावर बेतण्याइतका चढतो. एलएसडी वेगळीच भीती दाखवतं. या नशेला अध्यात्म म्हणणाऱ्यांशी मी वाद घालत नाही, पण त्यांना रुग्णवाहिकेचा रस्ता विचारून ठेवायला सांगतो. कानांचंही तेच: 85 डेसिबल आठ तास चालतं, मग दर तीन डेसिबलला वेळ निम्मी. 100 डेसिबलला पंधरा मिनिटं उरतात. माझ्या कानात कापूस नाही, चांगले इअरप्लग असतात.

रात्री दहानंतर लाउडस्पीकरला बंदी, म्हणून पाळोळ्याला हेडफोनच्या पार्ट्या निघाल्या. तिथे ना बेसबिन, ना छातीतली थरथर. तरी लोक नाचतात. ऑक्सफर्डच्या ब्रॉनविन टार आणि सहकाऱ्यांनी 2016 साली अशाच हेडफोनच्या नाचावर प्रयोग छापला. एकच संगीत ऐकत एकसारख्या हालचाली करणाऱ्यांची वेदना सोसायची ताकद वाढली. ज्यांना आपापलं वेगळं नाचायला लावलं, त्यांची तशी वाढली नाही. मेंदूतल्या एंडॉर्फिनचा तो परिणाम असावा, असा त्यांचा कयास. म्हणजे शेजारच्याबरोबर पाय पडणं हेच निम्मं औषध, आणि त्याचं भाडं मला लावता येत नाही.