चार अणूंचं चित्र

कॅमेऱ्याचं बटण दाबलं, शटर सेकंदाच्या सव्वाशेव्या भागापुरतं उघडलं आणि मिटलं. रोल अजून धुतलेला नाही. या घडीला फिल्मवर काय आहे? उत्तम सूक्ष्मदर्शकालाही कोऱ्या फिल्महून वेगळं काही दिसणार नाही. तरी चित्र तिथे उमटलेलं असतं, चांदीच्या अगदी मोजक्या अणूंच्या रूपात.

फिल्मवर जिलेटिनचा पातळ थर असतो आणि त्यात सिल्व्हर ब्रोमाइडचे कण विखुरलेले असतात. एकेक कण साधारण मिलिमीटरच्या हजाराव्या भागाएवढा, पण त्यात चांदीचे अब्जावधी आयन. कणावर प्रकाश पडला की ब्रोमाइडचा एक इलेक्ट्रॉन सुटतो, भटकतो आणि कणातल्या एखाद्या खोटीपाशी अडकतो. तिथे चांदीचा आयन येऊन त्याला गाठतो आणि चांदीचा एक अणू तयार होतो. हा एकटा अणू फार टिकत नाही, थोड्याच वेळात पुन्हा विरघळतो. पण तेवढ्यात दुसरा, तिसरा, चौथा येऊन मिळाला, तर कणाचं नशीब ठरलं. चार अणू पुरतात! इलेक्ट्रॉन अडकण्याची आणि आयन येऊन मिळण्याची ही प्रक्रिया रोनाल्ड गर्नी आणि नेव्हिल मॉट या भौतिकशास्त्रज्ञांनी १९३८ साली मांडली. छायाचित्रण तोवर शंभरीला टेकलं होतं, म्हणजे आपण काय करतोय हे नीट न कळताच जगाने शतकभर फोटो काढले.

पुढचं काम डेव्हलपरचं, म्हणजे फिल्म धुण्याच्या रसायनाचं. तो चांदीच्या आयनांना इलेक्ट्रॉन पुरवतो, पण वाट शोधतो ती त्या चार अणूंमधून. चमचाभर विरजणाने पातेलंभर दूध विरजावं, तसा तो इवलासा ठिपका अख्ख्या कणाची काळी चांदी करून टाकतो. चारांचे अब्जावधी! यात एक मेख आहे. पुरेसा वेळ दिला तर डेव्हलपर ठिपका नसलेले कणही काळे करतो, फक्त फार सावकाश. म्हणून डार्करूममध्ये घड्याळ आणि थर्मामीटर यांना एवढा मान. सगळा फोटो त्या वेगातल्या फरकावर उभा असतो. उरलेले कण मग हायपो नावाच्या रसायनाच्या द्रावणात विरघळून जातात. हायपोचा हा गुण जॉन हर्शेलने १८१९ मध्येच नोंदवला होता, फोटोग्राफी जाहीर होण्याच्या वीस वर्षं आधी.

आता ती कणातली खोट येते कुठून? इथे गोष्ट थेट गोठ्यात जाते. जिलेटिन बनतं गुरांच्या हाडा-कातड्यांपासून. १८८२ मध्ये जॉर्ज ईस्टमनच्या कारखान्यातल्या फोटोच्या काचा एकाएकी मंद पडल्या. सूत्र तेच, कारागीर तेच. दोष निघाला जिलेटिनमध्ये, पण नेमकं काय बिघडलं ते उमगेना. उत्तर १९२५ साली कोडॅकच्या सॅम्युएल शेपर्डने दिलं. काही जिलेटिनमध्ये मोहरीच्या तेलातल्यासारखी गंधकाची संयुगं नावापुरती असतात. गुरांच्या चाऱ्यात मोहरीच्या जातीची झाडं आली की ही संयुगं जिलेटिनपर्यंत पोचतात. त्या गंधकामुळे कणावर सिल्व्हर सल्फाइडचे ठिपके पडतात आणि भटका इलेक्ट्रॉन तिथेच अडकतो. निव्वळ शुद्ध जिलेटिन त्यामानाने आंधळं! रसायनशास्त्रातली यापेक्षा मजेदार तपासकथा मला तरी ठाऊक नाही.

आणि हे चार अणू किती दिवस तग धरतात? जुलै १८९७ मध्ये सालोमन आंद्रे, निल्स स्ट्रिंडबर्ग आणि क्नूत फ्रेंकेल हे तीन स्वीडिश स्पिट्सबर्गेनजवळून हायड्रोजनच्या फुग्यात बसून उत्तर ध्रुवाकडे निघाले. तीन दिवसांत फुगा बर्फावर उतरला. तिघं बर्फ तुडवत क्वितोया बेटापर्यंत पोचले आणि तिथेच संपले. १९३० च्या ऑगस्टमध्ये एका नॉर्वेजियन जहाजाला त्यांचा तळ सापडला. सोबत कॅमेरा आणि घेतलेल्या फिल्म्सही होत्या, तेहेतीस वर्षं ओल आणि गोठण सोसलेल्या. स्टॉकहोममध्ये जॉन हर्ट्सबर्गने त्या जपून धुतल्या आणि २४० पैकी ९३ चित्रं हाती लागली. एकात बर्फावर आडवा पडलेला फुगा आहे आणि त्याकडे बघत उभे असलेले दोघेजण. तिसरा कॅमेऱ्यामागे, अर्थात स्ट्रिंडबर्ग.

घरच्या कपाटातला जुना रोल एवढा सुदैवी असेलच असं नाही. थंडी अणूंना जपते, आपला उन्हाळा आणि दमट पावसाळा नाही. तरी तो फेकू नका. रंगीत रोलचे रंग बिघडले असले, तरी पुष्कळदा तो कृष्णधवल पद्धतीने धुता येतो. कोडॅकचा कोडाक्रोम रोल असेल तर दुसरा उपायच नाही. त्याचे रंग धुताना भरले जात आणि ते काम करणारी शेवटची लॅब, अमेरिकेत कॅन्ससमध्ये, २०१० च्या अखेरीस थांबली. धुणाऱ्याला रोलचं वय आधी सांगा, आणि तोवर उकलून बघायचा मोह आवरा.