नानकटाईचा हिशेब

दिवाळीची सुट्टी संपून शाळा उघडली की पहिले चार-सहा दिवस शिक्षकांच्या खोलीतले टेबल डब्यांनी भरून जाते. चिवडा, चकली, शंकरपाळे आणि हमखास एक डबा नानकटाईचा. पूर्वी घरून पीठ, तूप, साखर घेऊन गल्लीतल्या बेकरीच्या भट्टीवर जावे लागे आणि भरलेले पत्रे घेऊन परतावे लागे. आता अनेक घरांत ओव्हन आहे. त्यामुळे दिवाळीपर्यंत थांबण्याची गरज उरलेली नाही. वाढदिवस, मुलाचा निकाल, नवे घर, कोणतेही निमित्त पुरते.

डबा उघडला की संवादही ठरलेला असतो. "एक तरी घ्याच सर, घरी केल्यात." समोरचे सर मधुमेहाच्या गोळ्या घेत असतात. ते सगळ्यांना सांगायची त्यांची इच्छा नसते. मग ते "आज उपवास आहे" असे सांगून सुटका करून घेतात, नाहीतर मुकाट्याने दोन खातात. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या सहकार्याने झालेल्या देशव्यापी पाहणीचे निष्कर्ष २०२३ साली प्रसिद्ध झाले. त्यानुसार वीस वर्षांवरील भारतीयांपैकी सुमारे ११.४ टक्के लोकांना मधुमेह आहे आणि आणखी १५.३ टक्के त्याच्या उंबरठ्यावर आहेत. म्हणजे वीस शिक्षकांच्या खोलीत सरासरीने पाच जणांसाठी तो डबा हा साधा खाऊ नसतो. त्यांतल्या काहींना तर स्वतःलाही ते ठाऊक नसते.

वाटून खाणे चांगले आणि पथ्यही चांगले. दोन्हींची सांगड घालायची तर आधी डब्यात नेमके काय आहे ते पाहायला हवे.

एका नानकटाईत किती?

एक साधे प्रमाण घेऊ. मैदा २०० ग्रॅम, तूप १२५ ग्रॅम, पिठीसाखर १२५ ग्रॅम, चिमूटभर सोडा, वेलदोडा. एकूण ४५० ग्रॅम पिठाचे १८ ग्रॅमचे एक असे २५ गोळे होतात. मैद्यातले थोडे पाणी भाजताना उडून जाते; ते आपण सोडून देऊ.

अन्नातील ऊर्जा मोजण्याचे आकडे अमेरिकी शास्त्रज्ञ विल्बर ॲटवॉटर यांच्या एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या कामातून आले. एक ग्रॅम कर्बोदकापासून शरीराला सुमारे ४ किलोकॅलरी मिळतात, प्रथिनांपासूनही ४ आणि स्निग्ध पदार्थांपासून ९. आपण बोलताना ज्याला 'कॅलरी' म्हणतो ती ही किलोकॅलरी असते, म्हणजे १ किलोग्रॅम पाण्याचे तापमान १ अंश सेल्सिअसने वाढवणारी ऊर्जा. मुलांचा इथे नेहमी गोंधळ होतो, म्हणून सांगितलेले बरे.

आता बेरीज करू.

मैदा: २०० ग्रॅम, सुमारे ७०० किलोकॅलरी
तूप: १२५ ग्रॅम, सुमारे ११२५ किलोकॅलरी
साखर: १२५ ग्रॅम, सुमारे ५०० किलोकॅलरी
एकूण: २३२५ किलोकॅलरी

पंचवीसने भागले की एका नानकटाईला ९३ किलोकॅलरी येतात. तिच्यात ५ ग्रॅम तूप, ५ ग्रॅम साखर आणि ८ ग्रॅम मैदा असतो. वजनात तुपाचा वाटा चौथ्या हिश्शाहून थोडा जास्त, पण ऊर्जेत जवळजवळ निम्मा. दिसायला नानकटाई पिठाची असते, ऊर्जेच्या हिशेबात ती तुपाची असते.

तीस ग्रॅम कणकेची एक पोळी, तेल न लावता, साधारण १०० किलोकॅलरी देते. म्हणजे आकडे जवळजवळ सारखे! मग फरक कुठे आहे? फरक पाण्यात आहे. पाण्याला वजन आणि आकारमान असते, ऊर्जा नसते. पोळीत पाणी असल्याने तिच्या एका ग्रॅममध्ये सुमारे अडीच किलोकॅलरी असतात, नानकटाईत पाच. एक पोळी खाल्ली की काहीतरी खाल्ल्यासारखे वाटते. नानकटाई दोन घासांत संपते आणि हात पुन्हा डब्याकडे जातो. एका ग्रॅममागे असणाऱ्या ऊर्जेला ऊर्जाघनता म्हणतात. पथ्य सांभाळणाऱ्याने सर्वांत आधी ओळख करून घ्यावी ती हिची.

तूप-साखर काढून का टाकत नाही?

कारण ती केवळ चवीसाठी नसतात. मैद्यात पाणी घालून मळले की त्यातली प्रथिने एकमेकांत गुंतून ग्लुटेनचे लवचीक जाळे तयार होते. पोळी ताणली जाते ती यामुळे. नानकटाईत आपल्याला याच्या अगदी उलट हवे असते. तूप पिठाच्या कणांवर लेप चढवते आणि जाळे तयार होऊ देत नाही. म्हणूनच ती तोंडात विरघळते. तूप कमी केले की ती कडक होते.

तूप आणि साखर फेसून घेतात तेव्हा तुपात हवेचे बारीक बुडबुडे अडकतात. ओव्हनच्या उष्णतेने सोड्यातून कार्बन डायऑक्साइड सुटतो आणि तो या बुडबुड्यांत शिरून त्यांना फुगवतो. वरचा पापुद्रा आधी सुकतो, आतला भाग फुगतच असतो आणि पृष्ठभागाला त्या ओळखीच्या भेगा पडतात. तापताना साखर विरघळते, त्यामुळे गोळा थोडा पसरतो. खमंग वास आणि बदामी रंग येतो तो शर्करा आणि अमिनो आम्ले यांच्यातल्या अभिक्रियांमुळे. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ लुई-कामीय मैयार यांनी १९१२ साली त्यांचे वर्णन केले. नानकटाईत थोडे बेसन घालतात तेव्हा प्रथिने वाढतात, आणि या अभिक्रियांना अधिक वाव मिळतो.

कृत्रिम गोडी आणणारे पदार्थ इथे का फसतात तेही यावरून कळते. सुक्रालोज साखरेच्या सुमारे सहाशे पट गोड असते, म्हणजे चिमूटभर पुरते. पण मग १२५ ग्रॅम साखरेने व्यापलेली जागा, तिचे फेसणे, पसरणे हे सारे कोण करणार? ॲस्पार्टेमची तर भट्टीच्या उष्णतेत गोडीच कमी होते.

'पौष्टिक' बदलांची परीक्षा

आता घरोघरी केले जाणारे बदल एकेक करून तपासू.

पहिला, मैद्याऐवजी नाचणी. नाचणीत कॅल्शियम आणि तंतू भरपूर, त्यामुळे बदल चांगलाच आहे. पण नाचणीची ऊर्जा १०० ग्रॅमला सुमारे ३२० किलोकॅलरी आणि मैद्याची ३५०. दोनशे ग्रॅम पिठात ६० किलोकॅलरी वाचल्या. एका नानकटाईत अडीचसुद्धा नाहीत. सत्तर टक्के ऊर्जा तूप-साखरेत असताना पीठ बदलून आणखी काय होणार?

दुसरा, साखरेऐवजी गूळ. गुळात थोडे लोह आणि इतर क्षार असतात, चवही वेगळी. पण तो मुख्यतः साखरच आहे. "गुळाची आहे, मधुमेहाला चालते" हे वाक्य डब्याजवळ ऐकू आले तर तिथल्या तिथे खोडून काढावे.

तिसरा बदल, तूप-साखर कमी करणे. समजा, तूप १०० ग्रॅम आणि साखर ९४ ग्रॅम केली. एकूण ऊर्जा २३२५ वरून १९७६ वर आली. मोठीच बचत वाटते. पण एकूण वजनही ४५० वरून ३९४ ग्रॅमवर आले. पूर्वीइतक्याच, १८ ग्रॅमच्या नानकटाया केल्या तर त्या २५ न होता २२ होतील आणि प्रत्येकीत ९० किलोकॅलरी असतील. बचत फक्त तीन! आपण तूप-साखर कमी केली तेव्हा प्रत्येक गोळ्यातली ती जागा पिठाने घेतली. साखर पाचवरून सव्वाचार ग्रॅमवर आली एवढाच लाभ. तो नगण्य नाही, पण वाटला होता तेवढाही नाही.

चौथा बदल फारसा कुणी करत नाही: नानकटाई लहान करणे. अठरा ग्रॅमच्या गोळ्याचा व्यास साधारण ३ सेंटिमीटर असतो. तो २.४ सेंटिमीटर केला, म्हणजे एक पंचमांशाने कमी केला, तर घनफळ ०.८ चा घन, म्हणजे ०.५१ पट होते. डोळ्यांना गोळा किंचित लहान दिसतो, पण ऊर्जा निम्मी होते: सुमारे ४७ किलोकॅलरी. शिवाय लहान गोळ्याला वजनाच्या मानाने पृष्ठभाग जास्त असतो, त्यामुळे दर घासाला खमंगपणा अधिक येतो. फक्त भाजण्याचा वेळ कमी करावा, नाहीतर करपेल.

"मग लोक दोन खातील", अशी शंका येईल. काही जण खातीलही. पण अमेरिकेत पॉल रोझिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००६ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत असे दिसले की फुकट ठेवलेल्या खाऊचे नग मोठे असले तर लोकांनी एकूण वजनाने जास्त खाल्ले, आणि लहान असले तर कमी. एक नग म्हणजे 'एकदा घेण्याचे प्रमाण' असे आपण नकळत धरून चालतो. आपला हात ग्रॅम मोजत नाही, नग मोजतो.

वर्षाचा हिशेब

वर्षाकाठी शाळेचे २२० दिवस धरू आणि रोज एक नानकटाई जास्तीची खाल्ली असे मानू. एकूण २०,४६० किलोकॅलरी झाल्या. एक किलो शारीरिक चरबीत सुमारे ७७०० किलोकॅलरी असतात, म्हणून वर्षाला २.७ किलो वजन वाढेल, असे गणित पुष्कळ ठिकाणी मांडलेले आढळते. याच हिशेबाने दहा वर्षांत २७ किलो वाढायला हवे. तसे होत नाही. वजन वाढले की ते वाहून नेण्यास आणि पोसण्यास जास्त ऊर्जा लागते. खर्च वाढत जातो आणि काही काळाने जमेशी बरोबरी करतो. केव्हिन हॉल आणि सहकाऱ्यांनी २०११ साली मांडलेल्या प्रारूपानुसार रोजच्या आहारात कायमची १०० किलोज्यूलची, म्हणजे सुमारे २४ किलोकॅलरींची भर पडली तर वजन अखेरीस सुमारे एक किलोने वाढून स्थिरावते, आणि त्यातली निम्मी वाढ वर्षभरात होते. आपल्या नानकटाईची वर्षभराची सरासरी रोजची ५६ किलोकॅलरी पडते. म्हणजे अखेरची वाढ सव्वादोन-अडीच किलोच्या आसपास.

या गणितातून दोन्ही टोके सुटतात. एका नानकटाईने कोणी लठ्ठ होत नाही, म्हणून अपराधी वाटून घेण्याचे कारण नाही. पण रोजची एक नानकटाई शरीर विसरतही नाही.

साखरेचा हिशेब वेगळा ठेवावा. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली सांगितले की वरून घातलेल्या साखरेतून मिळणारी ऊर्जा एकूण ऊर्जेच्या १० टक्क्यांहून कमी असावी, ५ टक्क्यांहून कमी असल्यास अधिक चांगले. दोन हजार किलोकॅलरींच्या आहारात हे अनुक्रमे ५० आणि २५ ग्रॅम होतात. दोन नानकटाया आणि प्रत्येकी दोन चमचे साखरेचे दोन कप चहा यांतच ३० ग्रॅम साखर झाली.

पंगतीचा परिणाम

माणूस एकटा असताना जेवढे खातो त्यापेक्षा ओळखीच्या लोकांत जास्त खातो. जॉन डी कॅस्ट्रो यांनी १९८० च्या दशकाच्या अखेरीपासून लोकांना खाण्याच्या नोंदी ठेवायला सांगून हे दाखवले. पंगतीत बसलेल्या कोणालाही यात नवल वाटणार नाही. गप्पा लांबतात आणि तेवढा वेळ डबा समोर असतो. त्यात आग्रहाची भर. आग्रह हा आपल्याकडे प्रेमाचा भाग आहे, पण रक्तातील साखरेला भीड कळत नाही. मैदा आणि साखर मिळून एका नानकटाईत सुमारे ११ ग्रॅम कर्बोदके असतात. तुपामुळे जठर हळू रिकामे होते, म्हणून रक्तातली साखर सावकाश चढते, पण चढते.

यावर एक साधा उपाय आहे: डब्यावर एक चिठ्ठी चिकटवायची. 'मैदा, तूप, साखर, बेसन. अंडे नाही. वर पिस्ता आहे. एक नग ९ ग्रॅम, ४७ किलोकॅलरी, कर्बोदके साडेपाच ग्रॅम.' स्वयंपाकघरातला काटा आणि पाच मिनिटांची बेरीज एवढेच लागते. अंडे न खाणारे, सुक्यामेव्याची ॲलर्जी असणारे, मधुमेही, सर्वांना न विचारता उत्तर मिळते. तूप वापरले की वनस्पती, तेही लिहावे. वनस्पती तुपातील घातक ट्रान्स मेदावर भारतात जानेवारी २०२२ पासून २ टक्क्यांची मर्यादा आहे, पण संपृक्त मेद त्यात असतोच, आणि साजूक तुपातही. दुसरे म्हणजे, डबा हातोहात फिरवू नये. झाकण लावून कोपऱ्यातल्या टेबलावर ठेवावा. ज्याला हवे तो उठून घेईल. ज्याला नको त्याला उपवासाचे निमित्त शोधावे लागणार नाही.

वर्गात करण्याजोगे

नववी-दहावीच्या विद्यार्थ्यांना घरच्या एखाद्या पदार्थाची अशी चिठ्ठी तयार करायला सांगावे. गुणोत्तर, टक्केवारी आणि घनफळ यांचा चांगला सराव होतो. प्रयोगशाळेत शिक्षकांच्या देखरेखीखाली एक ग्रॅम नानकटाईचा तुकडा सुईला टोचून पेटवावा आणि वर १०० मिलिलिटर पाणी धरावे. हिशेबाने पाण्याचे तापमान सुमारे ५२ अंशांनी वाढायला हवे. प्रत्यक्षात वाढ बरीच कमी दिसेल. उरलेली उष्णता कुठे गेली, हे मुलांना शोधू द्यावे. प्रयोगासाठी आणलेल्या नानकटाया मात्र आधीच मोजून ठेवाव्यात.