गाळात राहणाऱ्यांचं सरोवर

आइसलँडच्या ईशान्येला असलेलं मीवात्न सरोवर ३७ चौरस किलोमीटर पसरलंय, पण सरासरी खोली जेमतेम अडीच मीटर. त्यामुळे ऊन थेट तळाच्या गाळापर्यंत पोचतं. सुमारे २३०० वर्षांपूर्वी लाव्हा वाहत आला आणि हे सरोवर तयार झालं. आजही आजूबाजूच्या लाव्ह्यातून झिरपून येणारे झरे त्यात सिलिका आणि फॉस्फरस आणून सोडतात. सिलिकाचं कवच असलेली डायटम नावाची सूक्ष्म शेवाळं त्यावर माजतात आणि या शेवाळावर जगतात चिलटांच्या अळ्या.

ही चिलटं चावणारी नव्हेत. पंख फुटल्यावर ती मोजके दिवस जगतात. आयुष्याचा बाकी सगळा काळ गाळात जातो. टॅनिटार्सस ग्रॅसिलेंटस ही इथली मुख्य जात. तिची अळी पुरती वाढली तरी सेंटीमीटरभरही होत नाही. स्वतःच्या रेशमी धाग्याने गाळाचे कण चिकटवून ती अंगाभोवती नळी करते, तोंडाकडचा भाग बाहेर काढून भोवतालचं शेवाळ खरवडते, आणि आत शिरून अंग हलवत नळीतून पाणी खेळवत राहते. सुगीच्या वर्षी चौरस मीटरभर तळात लाखाहून जास्त अळ्या असतात. एवढ्या नळ्यांनी गाळ बांधला जातो आणि नळ्यांच्या भिंतींवर डायटम आणखी जोमाने वाढतात. म्हणजे अळी जे खाते, त्याला जागाही तीच करून देते!

उन्हाळ्यात चिलटं बाहेर पडली की काठावर धुराच्या लोटासारखे थवे उभे राहतात. मेलेली चिलटं किनाऱ्यावर पडून तिथल्या गवताला खत मिळतं. बॅरोज गोल्डनआय या बदकाची पिल्लं आणि सरोवरातले ‘चार’ नावाचे मासे यांचीही भिस्त याच किड्यांवर.

पण अळ्या फार वाढल्या की शेवाळ पुरत नाही आणि सगळी वस्ती कोसळते. पुन्हा भरभराट व्हायला काही वर्षं जातात. या चढउतारात संख्या लाखपटीने बदलते. संशोधक आर्नी आइनार्सन आणि त्यांचे सहकारी १९७७ पासून काठावर सापळे लावून चिलटं मोजत आले आहेत. २००८ साली ‘नेचर’मध्ये आलेल्या त्यांच्या अभ्यासातली एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. शेवाळ संपल्यावर अळ्या तगतात त्या गाळातल्या कुजक्या चुऱ्यावर. वस्ती किती खोल कोसळणार, हे या चुऱ्याच्या अगदी थोड्या कमीजास्तीवर ठरू शकतं.

आणि नेमका हाच तळ माणसाने १९६७ पासून २००४ पर्यंत उपसला. मेलेल्या डायटमच्या कवचांचा गाळ एका कारखान्याला हवा होता. उपशाने झालेल्या खोल खड्ड्यांत वाऱ्या-लाटांनी सरकणारा चुरा जाऊन बसला आणि उथळ भागातल्या अळ्यांच्या वाट्याला तेवढा कमी आला. एरवी नगण्य वाटावी इतकी ही घट. पण वस्ती कोसळलेली असते त्या वर्षांत अळ्यांना दुसरा आधार नसतो, आणि बदकांची पिल्लं उपाशी मरतात तीही त्याच वर्षांत.