पावसाळ्यापूर्वी घराचे छप्पर : काय पाहावे, काय करावे, काय टाळावे

आपल्या वसतिगृहात राहिलेल्या जुन्या विद्यार्थ्यांना मृगाचा पहिला पाऊस आणि अंथरुणे सरकविण्याची ती धांदल आठवत असेल. पाणी दाराजवळ ठिबकत असे, म्हणून आम्ही दारावरचीच कौले न्याहाळीत बसत असू. एका रात्री अधीक्षक गुरुजींनी कंदील वर धरून वाशावरून ओघळत आलेली ओलीची रेघ दाखविली. तिच्या मागोमाग नजर नेली, तेव्हा फुटके कौल आढ्याजवळ सापडले. पाणी जेथे पडते तेथेच ते शिरलेले असते असे नाही. छपराच्या प्रत्येक दुरुस्तीचा हा पहिला धडा होय.

मृग नक्षत्र 7 जूनच्या सुमारास लागते. त्यामुळे ही सर्व कामे वैशाखातच, छप्पर कोरडे असताना उरकावीत. भर पावसात निसरड्या छपरावर चढणे म्हणजे संकटाला आमंत्रण.

कौलारू छप्पर : भर दुपारी दारे-खिडक्या लावून खोलीत उभे राहावे. जेथून उजेडाचा कवडसा येईल, तेथून पाणीही येईल. ती जागा खडूने वाशावर खूण करून ठेवावी. मंगलोरी कौलाच्या खालच्या अंगाला खुंटी असते व ती लाकडी रिपेत अडकते. म्हणून फुटलेले कौल बदलताना वरच्या ओळीतील कौले किंचित उचलावीत, फुटके कौल काढून घ्यावे आणि नवे कौल खुंटी रिपेत बसेपर्यंत वर सरकवावे. कडेच्या खाचा शेजारच्या कौलांत नीट बसल्या की नाही, ते हाताने चाचपावे. छत मारलेले नसेल, तर हे काम पुष्कळदा आतून शिडीवर उभे राहूनही होते. वासे व रिपा पेचकसाच्या टोकाने टोचून पाहाव्यात. टोक सहज आत गेले तर लाकूड कुजले आहे असे समजून सुताराला बोलवावे. पन्हळीतील पालापाचोळाही काढावा.

पत्र्याचे छप्पर : येथे गळतीचे मूळ बहुधा बोल्टाच्या छिद्रात असते. बोल्टाखालचे रबरी वायसर उन्हाने कडक होऊन तडकते. ते बदलावे, बोल्ट गंजला असल्यास तोही बदलावा. बोल्ट नेहमी पत्र्याच्या उंचवट्यावर असावा. खोलगट भागातून पाणी वाहते, तेथे छिद्र नको. बारीक चिरेवर, जागा स्वच्छ व कोरडी करून, डांबरी पट्टी दाबून बसवावी.

सिमेंटच्या पत्र्यावर मात्र कधीही थेट पाय ठेवू नये. वरून तो भक्कम दिसतो, परंतु जुना पत्रा माणसाच्या भाराने क्षणात फुटतो. आधाराच्या किमान दोन आडव्यांवर टेकेल अशी जाड, रुंद फळी टाकून ती बांधावी, तिच्यावरूनच काम करावे आणि खाली एक माणूस उभा ठेवावा. अशा जुन्या पत्र्यांत बहुधा अॅस्बेस्टॉस असते. त्याची धूळ श्वासावाटे गेल्यास फुप्फुसाचे गंभीर विकार व कर्करोग होऊ शकतो. म्हणून तो पत्रा घासू नये, कापू नये, कोरडा झाडू नये.

स्लॅब : प्रथम पाणी जाण्याचे तोंड मोकळे करावे. नंतर गच्ची आणि कठडा यांच्या कोपऱ्यातील गिलावा पाहावा. चीर बहुधा तेथेच असते. ती छिन्नीने थोडी रुंद करावी, धूळ काढावी आणि पॉलिमर मिसळलेल्या सिमेंटने, डब्यावरील सूचनेप्रमाणे भरावी. भरलेली जागा पक्की झाल्यावर पाण्याचे तोंड बंद करून गच्चीवर दोन-अडीच सेंटिमीटर पाणी 24 तास साठवावे व खालून ओल येते का पाहावे. अडीच सेंटिमीटर पाण्याचा भार दर चौरस मीटरला 25 किलो होतो. म्हणून ही परीक्षा मजबूत स्लॅबवरच करावी. छतातून गंजलेली सळई दिसत असेल, तर ते काम आपले नव्हे. अभियंत्याचा सल्ला घ्यावा.

कोणत्याही घरात पाणी पंख्यापर्यंत किंवा विजेच्या बोर्डापर्यंत पोहोचले असेल, तर आधी मुख्य स्विच बंद करावा. त्याला हात लावताना हात व पायाखालची जमीन कोरडी असावी. तो स्विचच भिजला असेल, तर त्याला न शिवता वीजतंत्रज्ञाला बोलवावे.

आपल्यापैकी अनेकजण नोकरीनिमित्त शहरात स्थिरावले आहेत, आणि गावाकडच्या घरात वृद्ध आई-वडीलच राहतात. आभाळ भरून आले की, मुलाला कशाला त्रास द्यायचा, या विचाराने वडील स्वतःच शिडी लावतात. तेव्हा या वैशाखात दोन दिवसांची रजा काढून गावी जावे, कवडसे मोजावेत आणि परतताना शिडी कुलपात ठेवून यावी. एखादे कौल राहून गेले तर त्याखाली भांडे ठेवता येते. छपरावरून पडलेला माणूस मात्र पुन्हा उभा राहीलच असे नाही.