नामवंतांचा शब्द

आपल्या तोंडवलीची बोली मालवणी. मुंबईस गेलेले पुष्कळ चाकरमानी ती चारचौघांत बोलायला लाजत. १९८० साली गंगाराम गवाणकरांचे 'वस्त्रहरण' हे मालवणी नाटक आले. मच्छिंद्र कांबळी त्यात तात्या सरपंच. सुरुवातीस प्रेक्षक थोडे. मग पु. ल. देशपांडे यांनी पत्र लिहून नाटक वाखाणले आणि गर्दी लोटली! पुढे पाच हजारांवर प्रयोग झाले. नाटक तेच, बोलीही तीच.

नामवंताचा शब्द असा चालतो. पण पु. लं.नी नाटक आधी पाहिले होते. जाहिरातीतला नट तेलाची बाटली हातात धरतो, त्याचे त्याला पैसे मिळतात. तो ते तेल डोक्याला लावतो का, हे कोण विचारतो? आम्ही म्हणतो, बाटली फिरवून बघा. मागे किंमत, वजन, तारीख छापलेली असते, आणि ती आता तुम्हांला वाचता येते.