रेडिओवरचा सल्ला कार्डात भरा, बांधावर ऐका

सायंकाळी आकाशवाणीवर शेतीचा कार्यक्रम लागतो आणि नेमकी तीच वेळ धारा काढायची. वीज रात्रीची असली की शेतकरी मोटारीवर. तज्ज्ञ बीजप्रक्रियेचे प्रमाण सांगून मोकळे होतात, आपल्या कानावर मात्र फक्त शेवटचा "नमस्कार" पडतो. मध्यम लहरीवर ऐकावे तर एलईडी दिव्यांची आणि चार्जरची खरखर. इंटरनेटवर ऐकावे तर शिवारात रेंज नाही. यावर सोपा उपाय आहे. रेंज असेल तिथे कार्यक्रम रेकॉर्ड करायचा, मेमरी कार्डात भरायचा आणि सवडीने ऐकायचा.

रेकॉर्ड कसे करावे?

देशभरातली आकाशवाणीची दोनशेहून अधिक केंद्रे न्यूज-ऑन-एअर ॲपवर ऐकता येतात. अलीकडच्या बहुतेक अँड्रॉइड मोबाईलमध्ये स्क्रीन रेकॉर्डर असतो. त्यात मायक्रोफोन बंद करून फोनच्या आतला आवाज निवडावा, म्हणजे घरातला गलका त्यात येत नाही. ही फाईल व्हिडिओची असते. लहान प्लेअरला ती चालत नाही, म्हणून तिची एमपी-थ्री करून घ्यावी. एखादे ॲप आवाज पकडू देत नसेल, तर शांत खोलीत दुसरा मोबाईल शेजारी ठेवून व्हॉईस रेकॉर्डर चालू करावा. ग्रामपंचायतीच्या संगणकावर व्हीएलसी असेल तर तेही फाईलची एमपी-थ्री करून देते.

अर्ध्या तासाचे भाषण ६४ किलोबिट दर्जात सुमारे १५ एमबी जागा घेते. बोलणे ऐकायला एवढा दर्जा पुष्कळ झाला. ४ जीबीच्या कार्डात असे अडीचशेहून जास्त कार्यक्रम मावतात. कार्ड शक्यतो फॅट-३२ पद्धतीने फॉरमॅट करावे; स्वस्तातले प्लेअर तेच वाचतात.

काय ठेवावे, काय पुसावे?

बीजप्रक्रिया, छाटणी, मूरघास, जनावरांचे लसीकरण हे विषय जपून ठेवावेत. बीजप्रक्रियेचेच बघा. आधी बुरशीनाशक, मग कीटकनाशक आणि सर्वांत शेवटी जिवाणू संवर्धक, हा क्रम आहे. तो उलटा झाला तर रायझोबियम औषधानेच मरायचे आणि खर्च मातीत जायचा. एकदा ऐकून असा क्रम डोक्यात राहत नाही. रेकॉर्डिंग थांबवून, मागे घेऊन वहीत उतरवता येते.

हवामानाचा अंदाज आणि बाजारभाव मात्र साठवू नयेत. परवाचा अंदाज ऐकून आज फवारणी काढली तर औषध पावसात वाहून जाईल.

प्रत्येक फाईलच्या नावात तारीख, केंद्र आणि विषय लिहावा. ही नुसती टापटीप नव्हे. २०२३ साली केंद्र सरकारने डायकोफॉल, डिनोकॅप आणि मेथोमिल या औषधांवर बंदी घातली. त्याआधीच्या रेकॉर्डिंगमध्ये ही नावे शिफारशीत निघू शकतात. तेव्हा जुना औषधांचा सल्ला वापरण्यापूर्वी कृषी सहायकाला किंवा किसान कॉल सेंटरला (१८००-१८०-१५५१) विचारून घ्यावे.

फवारताना, ट्रॅक्टर चालवताना आणि रात्री पाण्याला जाताना कानात हेडफोन घालू नयेत. उसात काय सळसळले ते ऐकू आले पाहिजे. रेकॉर्डिंग स्वतःच्या उपयोगासाठी ठेवावे. कार्डे भरून विकण्याचा धंदा करू नये.

गावाने एकत्र ऐकावे

ही गोष्ट महाराष्ट्राला नवी नाही. १९५६ साली आकाशवाणीच्या पुणे केंद्राने युनेस्कोच्या मदतीने पाच जिल्ह्यांतल्या सुमारे १५० गावांत श्रोता मंडळांचा प्रयोग केला. अर्ध्या तासाचे २० कार्यक्रम झाले. लोक एकत्र बसून ऐकत, चर्चा करत आणि मग कामाला लागत. १९५९ पासून ही मंडळे देशभर नेण्यात आली. त्या मंडळांना रेडिओची वेळ गाठावी लागे. आता कार्यक्रमच आपली वेळ गाठू शकतो.

ग्रामसेवक आणि सरपंचांनी मनावर घ्यावे. पंचायतीत एक कार्ड, एक लहान स्पीकर आणि एक नोंदवही ठेवावी. आठवड्यातून एकदा, दूध घालून झाल्यावर, पारावर अर्धा तास बसावे. ज्यांना वाचता येत नाही आणि ज्या बायाबापड्यांना बैठकीला येता येत नाही, त्यांच्यापर्यंतही कार्ड पोचवावे. खुरपणी करता करता त्या ऐकतील. पेरणीच्या आधी एवढी तयारी झाली, तर बियाण्याचा खर्च तरी वाया जाणार नाही.