पाण्याची परीक्षा : शालेय जलशिक्षणाचा एक दुर्लक्षित पैलू

'जलप्रदूषणाची कारणे लिहा' हा प्रश्न आपल्या देशातील जवळजवळ प्रत्येक विद्यार्थ्याने शालेय जीवनात कधी ना कधी सोडविलेला असतो. नदीकाठी कपडे धुणे, जनावरे धुणे, निर्माल्य टाकणे, मूर्तींचे विसर्जन करणे आणि कारखान्यांचे सांडपाणी सोडणे, हे त्याचे ठरीव उत्तर. यातील एकही कारण चुकीचे नाही, त्यामुळे पूर्ण गुणही मिळतात. उत्तरात उणीव आहे ती प्रमाणाची. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने 2021 मध्ये प्रसिद्ध केलेल्या आकडेवारीनुसार देशातील शहरी भागात दररोज सुमारे 72,368 दशलक्ष लिटर सांडपाणी निर्माण होते, आणि त्यापैकी प्रत्यक्ष प्रक्रिया केवळ 20,236 दशलक्ष लिटर पाण्यावर होत होती. म्हणजे शंभर लिटरमागे 28 लिटर. उरलेले पाणी नाले, नद्या, तलाव आणि जमिनीत जाते. कारखान्यांच्या सांडपाण्यातील विषारी द्रव्यांचे गांभीर्य वेगळे असले, तरी घाणीच्या एकूण प्रमाणाचा विचार करता घरगुती सांडपाणी हेच प्रमुख कारण ठरते.

ओढ्यावर म्हैस धुणारा शेतकरी मुलांच्या उत्तरात हमखास येतो. स्वतःच्या घरातील शौचालयाची वाहिनी पुढे कोठे जाते, हा प्रश्न मात्र येत नाही. कारणांचा क्रम चुकला की उपायांचाही क्रम चुकतो. मग जलप्रदूषण ही व्यक्तीच्या वाईट सवयींची बाब ठरते आणि सार्वजनिक गुंतवणुकीचा मुद्दा मागे पडतो.

कायद्याची आणि न्यायालयाची भूमिका

1976 च्या 42 व्या घटनादुरुस्तीने राज्यघटनेत अनुच्छेद 48-अ आणि 51-अ(ग) यांचा समावेश झाला. पहिल्याने पर्यावरणाच्या संरक्षणाची जबाबदारी राज्यसंस्थेवर टाकली. दुसऱ्याने नद्या, तलाव, वने व वन्यजीवांसह नैसर्गिक पर्यावरणाचे रक्षण हे नागरिकाचे मूलभूत कर्तव्य ठरविले. त्यापूर्वीच, 1974 मध्ये, जल (प्रदूषण प्रतिबंध व नियंत्रण) अधिनियम अस्तित्वात आला होता. पाणी हा राज्यसूचीतील विषय असल्याने संसदेला हा कायदा अनुच्छेद 252 अन्वये, म्हणजे राज्यांच्या विधिमंडळांनी ठराव केल्यानंतर, करावा लागला. 1991 मध्ये सुभाष कुमार विरुद्ध बिहार राज्य या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने प्रदूषणमुक्त पाणी व हवा यांचा अनुच्छेद 21 मधील जगण्याच्या हक्कात अंतर्भाव होतो, असे मत नोंदविले.

त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये, एम. सी. मेहता यांच्या याचिकेवर निर्णय देताना, न्यायालयाने शाळा-महाविद्यालयांत पर्यावरण हा सक्तीचा विषय करण्याचे निर्देश दिले. अंमलबजावणी मंदगतीने होत असल्याने डिसेंबर 2003 मध्ये याच प्रकरणात 'एनसीईआरटी'ला अभ्यासक्रमाचा आराखडा तयार करण्यास सांगावे लागले. पर्यावरण हा स्वतंत्र विषय असावा की सर्व विषयांत मिसळलेला असावा, हा वाद त्यानंतरही चालू राहिला. महाराष्ट्रात इयत्ता नववी व दहावीसाठी 'जलसुरक्षा' नावाचे स्वतंत्र पाठ्यपुस्तक आहे. विषय कोठे ठेवावा यावर आपल्याकडे पुष्कळ खल झाला. विद्यार्थ्याने त्यात नेमके काय करावे, यावर त्या मानाने फारच थोडा झाला.

स्वच्छ दिसणारे पाणी

प्राथमिक वर्गांतील एक प्रयोग सर्वांच्या परिचयाचा आहे. गढूळ पाण्यात तुरटी फिरवायची, गाळ खाली बसू द्यायचा आणि वरचे नितळ पाणी फडक्यातून गाळून घ्यायचे. प्रयोग चांगला आहे, पण त्यातून नितळ पाणी म्हणजे शुद्ध पाणी, असा निष्कर्ष मूल नकळत काढते. निवळण्याने जंतू कमी झाले तरी नष्ट होत नाहीत. विष्ठेतून आलेले रोगजंतू डोळ्यांना दिसत नाहीत, आणि फ्लोराइड, नायट्रेट वा आर्सेनिक यांना पिण्याच्या पाण्यात आढळणाऱ्या प्रमाणात रंग, वास किंवा चव नसते. भारतीय मानक आयएस 10500 नुसार पिण्याच्या पाण्यात दर लिटरमागे फ्लोराइड 1 मिलिग्रॅमपर्यंत स्वीकारार्ह आहे. दुसरा स्रोत नसल्यास कमाल मर्यादा 1.5 मिलिग्रॅम आहे. नायट्रेटची मर्यादा 45 मिलिग्रॅम आणि आर्सेनिकची स्वीकारार्ह मर्यादा 0.01 मिलिग्रॅम आहे. विष्ठेच्या संपर्काची खूण मानला जाणारा ई. कोलाय हा जिवाणू 100 मिलिलिटर पाण्यात मुळीच आढळता कामा नये.

येथे परीक्षार्थींनी एक भेद ध्यानात ठेवावा. पश्चिम बंगालच्या नलिकाकूपांतील आर्सेनिक किंवा नलगोंडा परिसरातील फ्लोराइड हे मुख्यतः भूस्तरातील खनिजांमधून पाण्यात उतरते. ते कोणी आणून टाकलेले नसते. नायट्रेट मात्र बहुतांशी रासायनिक खते, जनावरांचे मलमूत्र आणि शौचालयांचे शोषखड्डे यांतून येते. पहिल्या प्रकारात स्रोत बदलणे किंवा पाण्यावर प्रक्रिया करणे एवढेच हाती असते. चुना आणि तुरटी वापरून फ्लोराइड कमी करण्याची, नागपूरच्या 'नीरी' या संस्थेने विकसित केलेली 'नलगोंडा' पद्धत हे त्याचे उत्तम उदाहरण होय. दुसऱ्या प्रकारात प्रदूषणाच्या मुळाशी जाता येते आणि ते करणाऱ्याकडून खर्चही वसूल करता येतो. 'प्रदूषक भरपाई देईल' हे तत्त्व सर्वोच्च न्यायालयाने 1996 मध्ये, तामिळनाडूतील पालार नदीच्या खोऱ्यातील चर्मोद्योगांसंबंधीच्या वेल्लोर प्रकरणात, भारतीय कायद्याचा भाग म्हणून मान्य केले.

काळी पडणारी बाटली

न दिसणारी गोष्ट मुलांना दाखवायची कशी? याचे एक स्वस्त साधन आपल्याच देशात तयार झाले. ग्वाल्हेर येथील संरक्षण संशोधन प्रयोगशाळेतील मांजा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1982 मध्ये हायड्रोजन सल्फाइडवर आधारित क्षेत्रीय चाचणी प्रसिद्ध केली. निर्जंतुक बाटलीत रसायने शोषलेली कागदाची पट्टी असते. तीत ठरावीक खुणेपर्यंत पाणी भरून बाटली एक-दोन दिवस उबदार जागी ठेवायची. विष्ठेबरोबर येणारे काही जिवाणू हायड्रोजन सल्फाइड वायू तयार करतात, त्याचा पट्टीतील लोहक्षाराशी संयोग होतो आणि पाणी काळे पडते. ही चाचणी प्रयोगशाळेतील तपासणीची जागा घेऊ शकत नाही, कारण भूजलात मुळातच सल्फाइड असल्यास ती फसवी ठरू शकते. शिवाय काळी पडलेली बाटली ब्लीचिंग पावडरने निर्जंतुक केल्याखेरीज फेकता येत नाही. हे काम शिक्षकांनीच करावे. तरीही नितळ पाण्याची बाटली डोळ्यांदेखत काळी होताना पाहणे हा दहा पानांच्या धड्याहून प्रभावी अनुभव असतो.

अर्थशास्त्रात यालाच माहितीच्या उणिवेचा प्रश्न म्हणतात. ज्योत्स्ना जालान आणि ई. सोमनाथन यांनी गुडगाव, म्हणजे आजचे गुरुग्राम, येथे केलेला आणि 2008 मध्ये प्रसिद्ध झालेला प्रयोग या संदर्भात मननीय आहे. काही कुटुंबांच्या पिण्याच्या पाण्याची अशीच सोपी चाचणी करून निष्कर्ष त्यांना कळविण्यात आला. इतरांना तो कळविला नाही. आधी पाणी शुद्ध न करणाऱ्या कुटुंबांपैकी, आपले पाणी दूषित असल्याचे समजलेल्यांमध्ये पुढील आठ आठवड्यांत शुद्धीकरण सुरू करण्याचे प्रमाण 11 टक्के बिंदूंनी अधिक आढळले. अनुदान नाही, सक्ती नाही, केवळ स्वतःच्या घरातील पाण्याविषयी एक खरी माहिती. मात्र उरलेल्या अनेकांनी माहिती मिळूनही काही केले नाही, हेही त्याच प्रयोगाचे वाचन आहे.

निष्कर्ष कोणाकडे जातो?

काही वर्षांपूर्वी एका ग्रामीण शाळेत असा प्रयोग पाहण्याचा योग आला. सातवीच्या मुलांनी शाळेतील हातपंपाचे आणि गावातील नळाचे पाणी दोन बाटल्यांत भरले. दुसऱ्या दिवशी हातपंपाची बाटली काळी झाली होती. मुलांनी स्वतःच शोध घेतला : हातपंपाचा ओटा तडकला होता, सांडलेले पाणी तेथेच मुरत होते आणि शौचालयाचा खड्डा अगदी जवळ होता. त्यांनी रीतसर पत्र लिहून स्थानिक कार्यालयात दिले. उत्तर आले नाही. पुढील वर्षी चौकशी केली, तेव्हा 'उगाच वाद नको' म्हणून प्रयोग बंद केल्याचे शिक्षकांनी संकोचाने सांगितले. त्या मुलांनी जलप्रदूषणाचे शास्त्र उत्तम आत्मसात केले होते. सोबत आणखी एक धडाही ते शिकले : दूषित पाणी दाखवून दिल्याने काही घडत नाही.

म्हणूनच शालेय जलशिक्षणाचा विचार करताना चाचणीनंतरच्या साखळीकडे पाहिले पाहिजे. ती साखळी कागदावर तरी उपलब्ध आहे. महाराष्ट्रात ग्रामपंचायतीच्या पाणी स्रोतांचे स्वच्छता सर्वेक्षण करून जोखमीनुसार लाल, पिवळे वा हिरवे कार्ड दिले जाते. पाण्यात टी.सी.एल. पावडर टाकणारा जलसुरक्षक आणि उर्वरित क्लोरीन दाखविणारी ओ.टी. चाचणी ग्रामीण भागाला परिचित आहेत. ऑगस्ट 2019 मध्ये घोषित झालेल्या जल जीवन मिशनमध्ये प्रत्येक गावातील पाच महिलांना क्षेत्रीय चाचणी संचाचे प्रशिक्षण देण्याची तरतूद आहे, आणि 2 ऑक्टोबर 2020 पासून शाळा व अंगणवाड्यांना नळजोडणी देण्याची 100 दिवसांची विशेष मोहीम राबविण्यात आली. शाळेत नळ आला, गावात चाचणी करणाऱ्या महिला आल्या; पण विज्ञानाच्या तासाशी या दोहोंची गाठ घालून देणारी व्यवस्था अपवादानेच दिसते. मुलांच्या चाचणीची नोंद त्या पाच महिलांच्या नोंदवहीत गेली, तर ती 'मुलांची तक्रार' राहणार नाही. प्रयोगशाळेत फेरतपासणी मागविण्याचा आधार ठरेल.

पैशाचा भागही मुलांपासून लपविण्याचे कारण नाही. पंधराव्या वित्त आयोगाने 2021-22 ते 2025-26 या कालावधीसाठी ग्रामीण स्थानिक संस्थांच्या अनुदानातील 60 टक्के वाटा पेयजल व स्वच्छता यांच्याशी बांधील ठेवण्याची शिफारस केली होती. आपल्या ग्रामपंचायतीला त्यातून किती रक्कम मिळाली आणि ती कशावर खर्च झाली, हे आठवीच्या टक्केवारीच्या प्रकरणातील सुंदर उदाहरण होऊ शकते. शहरांतील विद्यार्थ्यांसाठी हाच अभ्यास महानगरपालिकेच्या मैलापाणी प्रक्रिया केंद्रापाशी करता येईल : क्षमता किती, प्रत्यक्ष प्रक्रिया किती आणि बाहेर पडणारे पाणी कोणत्या नदीत जाते.

नद्यांच्या बाबतीत मोजमापाचे महत्त्व आणखी स्पष्ट होते. स्नानयोग्य पाण्यात जैवरासायनिक ऑक्सिजनची मागणी लिटरमागे 3 मिलिग्रॅमपेक्षा अधिक नसावी, या निकषावर केंद्रीय मंडळाने 2022 च्या अहवालात देशातील 279 नद्यांचे 311 पट्टे प्रदूषित ठरविले. 2018 मध्ये ही संख्या 351 होती. 2022 च्या अहवालात सर्वाधिक, म्हणजे 55 पट्टे, महाराष्ट्रातील होते. यांपैकी एखादा पट्टा आपल्या गावाजवळून जातो का, हे नकाशावर शोधण्यास एक तास पुरतो.

त्या शाळेतील हातपंपाचा ओटा पुढे दुरुस्त झाल्याचे समजले. मुलांच्या पत्रामुळे की अन्य योजनेतून, हे कोणालाच सांगता आले नाही, आणि दुरुस्तीनंतर पाण्याची चाचणी पुन्हा झालेली नव्हती.